प्रशांतचं झाड

“मूठभर रक्षा खड्ड्यात टाका, वर माती लोटा, मग झाड बसवा. उरलेली शेतावर उधळून द्या. नदीत सोडू नका. माणूस मातीचा, मातीत मिळू द्या.”

पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्या बौद्धाचार्यांचा हा आवाज जानकीबाईच्या कानातून कधी गेलाच नाही. भाद्रपद सरत आला होता, भात पोटरीला आलं होतं, आणि घरातला कर्ता मुलगा चार दिवसांच्या तापानं गेला होता. प्रशांत पडघ्याकडं एका गोदामात कामाला होता. सकाळी मोटरसायकलला किक मारून गेला आणि दुपारी अंगाला हुडहुडी भरून परत आला. घरून इस्पितळात गेला तो बसून. इस्पितळातून आला तो चादरीत.

खड्डा प्रशांतच्या बापानं, केरूनं, स्वतः खणला. दुसऱ्या कुणाला कुदळीला हात लावू दिला नाही. घरामागं, भातखाचराच्या बांधाला लागून, मागच्या दारातून दिसेल अशी जागा त्यानं धरली. प्रशांतच्या एका दोस्तानं शहापूरहून केसर आंब्याचं कलम आणलं होतं, गुडघ्याएवढं.

सून संघरत्ना पाचव्या महिन्यात होती. तिनं मडक्यात हात घातला, मूठ भरून वर काढली आणि तशीच उभी राहिली.

“यातला कुठला इथं ठेवू न कुठला उधळू, आई?” ती मुठीकडं बघत बोलली. “मी नाय उधळणार त्यांना. सगळे इथंच राहू दे.”

बौद्धाचार्यांनी काही सांगायला तोंड उघडलं, तिच्या पोटाकडं पाहिलं आणि मिटून घेतलं. मडकं तिला तिरपं करवेना, तेव्हा जानकीबाईनं खालून हात दिला. दोघींनी मिळून ते खड्ड्यात रितं केलं. केरूनं माती लोटली. कलम बसवलं, काठी रोवून चिंधीनं बांधलं, बोरीच्या काट्या भोवती लावल्या. भुरभुर पावसात सगळ्यांनी हात जोडून त्रिसरण म्हटलं.

भाताची कापणी झाली तेव्हा झाडाला नवी पालवी आली होती, तांबूस, बोटानं दुमडेल अशी मऊ. ती बघूनच संघरत्ना बाळंतपणाला मुरबाडकडं माहेरी गेली. पौषात तिला मुलगी झाली. नाव ठेवलं मनस्वी. केरू आणि जानकीबाई एसटीनं जाऊन बघून आले. पोरीचं कपाळ थेट प्रशांतचं होतं. केरूनं तिला मांडीवर घेतलं आणि निघेपर्यंत कुणाकडं दिलं नाही.

निघताना संघरत्नाचा भाऊ उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, “मामा, राग मानू नका. पण आता तिला इथंच राहू द्या. तिथं तिचं काय आहे?”

आतून, बाजेवरूनच संघरत्ना बोलली, “तिथं झाड आहे, दादा.”

परतीच्या एसटीत जानकीबाईच्या मनात तेवढं एकच वाक्य फिरत राहिलं. सून येईल ती झाडासाठी येईल. नात येईल ती सुनेच्या कडेवरून येईल.

माघात पानांची टोकं करपली.

आधी एका पानाचं टोक तांबूस झालं. मग कडेकडेनं तो रंग आत सरकू लागला, विडीच्या निखाऱ्यानं कागद जळावा तसा. जानकीबाईला वाटलं ऊन आहे. तिनं मावळतीच्या अंगाला पेंढ्याचा आडोसा केला. मग वाटलं वाळवी आहे. केरूनं बुंध्याशी उकरून पाहिलं, वाळवी नव्हती. आळ्यातल्या मातीवर पांढरी पापडी धरायची; ती पाण्याच्या खाराची असेल म्हणून जानकीबाई रोज खुरप्यानं खरवडून काढी आणि वर आणखी पाणी ओती.

पाणी तरी कुठं होतं? फाल्गुनातच विहिरीनं तळ दाखवला. टेकडीवर चढलं की तानसाचा तलाव निळाशार पसरलेला दिसे. ते पाणी मुंबईचं. गावाला टँकर यायचा. तो आधी वरच्या आळीला जायचा, तिथली पिंपं भरली की खाली बौद्धवाडीकडं. खाली येईतो पाइपातून पाण्यापेक्षा गाळ जास्त पडायचा. त्या पाण्यात प्यायचं, भाकरीचं पीठ मळायचं, भांडी विसळायची, शेळीला पाजायचं आणि उरलंसुरलं झाडाला. जानकीबाई अंघोळीला घमेल्यात उभी राही. अंगाला साबण लावणं तिनं सोडलं. तांब्याभर पाणी खांद्यावरून सोडायचं, ते घमेल्यात जमायचं, आणि ओल्या लुगड्यानिशीच घमेलं उचलून आळ्यात रितं करायचं. गुडघे वाजत. टाचांच्या भेगांत माती जाऊन बसे, ती निघत नसे.

एका सकाळी टँकरवर बोलाचाली झालीच. वाडीशेजारच्या पाड्यातली लहानी नावाची ठाकरीण बडबडी, पण मनानं वाईट नव्हती. तिचा हंडा अर्धाच भरला आणि पाइप बंद झाला. मागं जानकीबाईचे दोन हंडे काठोकाठ.

“दोन हंडं कशाला गो तुला?” लहानी कमरेवर हात ठेवून म्हणाली. “दोन माणसं घरात. एक तू न एक म्हातारा.”

“लागतंय.”

“लागतंय! माझ्या पोरांना तोंड धुवाला नाय, न ही आंब्याला पाजते. आंबं खाऊन तान भागवशील काय?”

बायका हसल्या. टँकरवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं. “ए मावशी, पाणी माणसांसाठी आहे. झाडाला घालतेस असं कळलं तर उद्यापासून तुझं नाव शेवटी.”

“नाव शेवटीच हाय आमचं,” जानकीबाई हळूच म्हणाली. तिनं एक हंडा उचलला आणि लहानीच्या हंड्यात अर्धा ओतला.

लहानीचा चेहरा पडला. घरी जाताना ती मागून आली. “जानके, रागात बोलले गो. मला काय म्हाईत नाय काय तिथं कोन हाय ते? नजर लागलीय झाडाला. लिंबू-मिरची बांध, काळी भावली टांग.”

“आमच्यात नाय ते करत.”

“नाय तं नाय. पन पोराचं झाड म्हनून सांगते.”

त्या दिवशी जानकीबाईनं परसातलं लिंबू तोडून हातात घेतलं, मागच्या दारापर्यंत गेली, आणि परत येऊन ते डाळीत पिळलं. केरूनं जेवताना विचारलं, डाळ आंबट का. तिनं भाकरी पुढं सरकवली.

दिवेलागणीला ती रोज बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावी आणि पंचशील म्हणे. तीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. प्रशांतला नेलं त्या संध्याकाळीही तिनं ते म्हटलं होतं. आता मात्र चौथ्या शीलाशी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन म्हणतात तिथं, जीभ अडखळू लागली. कारण संघरत्नाचा फोन संध्याकाळीच येई.

“आई, झाड कसं हाय?”

“हाय, बरं हाय.”

“नवी पालवी आली काय?”

“येल आता. उन्हाचे दिवस हायेत.”

चैत्रात एकदा ती म्हणाली, “आई, फोन जरा झाडाजवळ धरा ना. मनस्वीचा आवाज ऐकवते त्यांना.”

जानकीबाई फोन घेऊन घरामागं गेली. झाडाला तेव्हा आठ-दहा पानं उरली होती, तीही अर्धी तपकिरी. तिनं फोन पानांजवळ धरला. त्यातून पोरीचं किरकिरणं ऐकू आलं, मग संघरत्नाचा बारीक आवाज, “बघितली का? तुमच्यासारखीच रडते, तोंड वाकडं करून.” जानकीबाईनं दुसऱ्या हातानं पदर तोंडात धरला. एक पान तेवढ्या वाऱ्यानं गळून तिच्या मनगटावर पडलं.

“आई? हायत ना?”

“हाय गो.”

“एक विचारू? दादा रोज मागं लागलाय. एक स्थळ बघून ठेवलंय त्यानं. मी त्याला बोलले, पावसाच्या आधी मी माझ्या घरी जाणार. मंग मला सांगतो, झाड जगलं नाय तर काय करशील?” ती थांबली. “आई, तुमी माझ्या सासू असून मला कधी खोटं बोलला नाय. झाडाचं बरं-वाईट कायबी झालं तर मला बाहेरच्याकडून कळू देऊ नका. फोनवर पण नको. तुमी स्वतः या न सांगा. याल ना?”

“येईन.”

“शब्द?”

“शब्द दिला बाय.”

फोन बंद झाल्यावर ती तिथंच उकिडवी बसली. झाड मेलेलं नव्हतं अजून. अजून सांगण्यासारखं काही झालं नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि घागरीत होतं तेवढं पाणी आळ्यात ओतलं.

वैशाखात राबाचे, म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजायचे, दिवस आले. केरूनं खाचराच्या कोपऱ्यात शेण, पालापाचोळा, गवत अंथरून वर माती पसरली आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवलं. धूर झाडाकडं जाऊ नये म्हणून जानकीबाई पोतं धरून बांधावर उभी होती. राब धुमसून विझला. केरू फावड्याच्या पाठीनं राख सारखी करत होता.

“इथं जाड पडलीय,” तो आपल्याशीच बोलला. “पसरायला पायजे, नायतर रोप जळतंय.”

मग त्याचं लक्ष झाडाकडं गेलं. “ह्याला जरा शेणखत घालू. मातीच निकस असंल.”

त्यानं कुदळ घेतली आणि बुंध्यापासून हातभर लांब उकरायला लागला. वरची माती मोकळी होती. खाली कुदळ टणकन वाजली. दगड नव्हता. त्यानं हातानं माती बाजूला केली. करड्या रंगाचा एक थर लागला, सिमेंट पाण्यात पडून आवळावं तसा घट्ट. त्याच्याजवळ आलेली मुळं काळी होऊन वळली होती. काही टोकं वर, परत बुंध्याकडं फिरली होती.

केरू गुडघ्यांवर बसला. बोटानं त्यानं थोडं खरवडलं, चिमटीत धरून चोळलं, जिभेला लावलं आणि थुंकायचं विसरून तसाच राहिला.

“काय हाय?” जानकीबाई पुढं आली.

“राख,” तो म्हणाला.

जन्मभर राब भाजलेला माणूस. राख किती, कुठं, पहिल्या पावसात कशी धुवून जायला हवी, हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. जानकीबाईलाही कळत होतं. पण त्या दिवशी मडक्यात होती ती राख म्हणून दोघांपैकी कुणी पाहिलीच नव्हती. तो प्रशांत होता.

“पाणी,” जानकीबाई म्हणाली. “मी जेवढं पाणी घातलं…”

“तेवढा राखेचा खार मुळांत उतरला.”

ती हात चोळत बसली. घमेल्यातलं, हंड्यातलं, लहानीच्या पोरांच्या तोंडचं पाणी तिला दिसत होतं.

दोघांनी मिळून तो थर काढला. कुदळीनं नाही, केरूनं कुदळ लांब ठेवली. हातांनी, खुरप्याच्या टोकानं, तुकडा तुकडा. तुकडे जानकीबाईनं धुतलेल्या लुगड्यावर ठेवले. त्यात एक हाडाचा बारीक तुकडा निघाला. केरूनं तो तळव्यावर घेतला, न्याहाळला आणि बाकीच्यांत ठेवला. नवी माती आणून खड्डा भरला, झाड परत दाबून बसवलं, पळसाच्या डहाळ्यांची सावली केली. मग केरूनं लुगड्याची चार टोकं उचलली आणि खाचरात गेला. तुकडे मुठीनं चुरत, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, बियाणं पेरावं तसा तो हात फिरवत गेला. जानकीबाई मागून चालली. उघड्या पायांना ढेकळं टोचत होती.

त्यानंतर झाडानं उरलेली पानं टाकली. जानकीबाई सकाळी नखानं साल खरवडून बघे. वरच्या फांदीवर आत तपकिरी. खाली, जरा खाली, कलमाच्या जोडापाशी तरी हिरवं असेल. तेही तपकिरी. शेवटी तिनं जमिनीलगत नख लावलं. साल कोरड्या शेंगेच्या टरफलासारखी निघून आली.

तिनं केरूला सांगितलं. त्यानं मान हलवली, टोपी घातली आणि कुठं जातो न सांगता निघून गेला. दुपारी आला तेव्हा त्याच्या हातात काळ्या पिशवीतलं कलम होतं. केसर. कमरेपेक्षा थोडं कमी उंच, गच्च हिरवं. त्यानं जुनं झाड उपटून काट्यांच्या ढिगावर टाकलं, त्याच खड्ड्यात नवं बसवलं, तीच काठी रोवली, तीच चिंधी बांधली.

“एवढं वाढलं असतंच एव्हाना,” तो हात झटकत म्हणाला. “तीच जात. तिला काय कळतंय?”

जानकीबाई मागच्या दारात उभी होती. “मला कळतंय.”

“तुला कळून काय करायचंय? तोंड बंद ठेव.”

“मी शब्द दिलाय तिला. कायबी झालं तर येऊन सांगीन म्हणून.”

“काय सांगशील?” केरूचा आवाज चढला. “तिच्या हातानं जळलं म्हणून सांगशील? बौद्धाचार्य बोंबलून सांगत होते मूठभर टाका, न तिनं—”

“मडक्याला माझा पन हात होता.”

“बाळंतीण हाय ती. धसक्यानं दूध आटल. पोर उपाशी मरल. मंग बस तुझं पंचशील म्हणत.”

हे त्याच्या तोंडून निसटलं. त्यानं मान फिरवली. जानकीबाई पायरीवर बसली. दोघं नव्या झाडाकडं बघत राहिले. पानं खरंच सुंदर होती. वाऱ्यावर एकमेकांना लागून वाजत होती.

“अवो,” ती म्हणाली. “ती येल. सकाळी उठून पोरीला कडेवर घेऊन इथं उभी राहल. ह्याच्याशी बोलल. आई बघा, त्यांनी पालवी काढली म्हणून मला हाक मारल. न मी चुलीपुढून हो म्हणायचं? रोज?”

“रोज,” केरू म्हणाला. “म्हणायचं. घरात पोर खेळत असंल ना? म्हणायचं.”

ती पायरीवरची माती हातानं सारू लागली.

“आनि खरं सांगितल्यावर ती आलीच नाय तर?” केरूनं विचारलं. “भाऊ टपलाय. दुसऱ्या घरात जाल. पोरगी तिकडं मोठी होल. आपन मेल्यावर कुनी सांगितलं तर सांगतील, तुझा एक आजा होता म्हणून. जानके, प्रशांत गेला तो गेला. ही पन घालवतेस?”

जानकीबाई उठली, भाकऱ्या टाकल्या, त्याला वाढलं. तो जेवला नाही. तीही नाही. दिवेलागणीला मेणबत्ती लावली. चौथ्या शीलाशी आली तेव्हा तिनं ते म्हटलं नाही. पाचवं म्हटलं आणि वाकून नमस्कार केला. केरू बाहेर ओट्यावर पडला होता. त्याला ते ऐकू गेलं असावं, कारण त्यानं कूस बदलली.

सकाळी तिनं शेळीला चारा टाकला, पिण्याचं पाणी गाळून ठेवलं, केरूची भाकरी फडक्यात बांधून फळीवर ठेवली. ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसली. फोन भाकरीशेजारीच ठेवला. वाटेत हिंमत गेली तर फोनवर सांगून परत फिरायची सोय नको. नातीसाठी काही न्यावं असं मनात आलं. घरात काही नव्हतं. ती रिकाम्या हातानंच बाहेर पडली.

केरू नव्या झाडाला तांब्यानं पाणी घालत होता. त्यानं तिच्या लुगड्याकडं पाहिलं.

“मुरबाडची गाडी शहापूरहून नवाला सुटते,” तो म्हणाला. “आता निघालीस तर मिळल.”

“हं.”

“पानी पिऊन जा.”

ती प्याली. तांब्या परत त्याच्या हातात दिला. पदर डोक्यावर घेऊन ती बांधावरून खाली उतरली आणि टँकरच्या चाकांनी खणलेल्या रस्त्यानं, कडेकडेनं, शहापूरकडं चालू लागली.